जुन्या पिकअपचे हायवेवरील आरपीएम कमी करताना: आधी मोजणी, मग खरेदी, शेवटी पाना

मुलुंडचा नाका मागे टाकून नाशिकच्या दिशेने निघालेली जुनी, चार गिअरची डिझेल पिकअप ताशी ८० किलोमीटरला पोहोचली की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. इंजिन सुस्थितीत असूनही ते सतत वरच्या आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला जास्त फेऱ्यांवर, फिरत असते, कारण ही गाडी ओझे घेऊन हळू चालण्यासाठी बनवलेली असते. यावर उपाय आहेत, परंतु बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन कोणीतरी सांगितलेली क्राउन-पिनियनची जोडी (मागच्या धुऱ्यातील मोठे दातेरी चक्र, क्राउन, आणि त्याला फिरवणारे छोटे, पिनियन) आणतात, ती बसवतात आणि मग गाडी पहिल्या गिअरमध्ये पुलाचा चढ चढेना म्हणून परत मेकॅनिककडे जातात. पुढील टप्पे म्हणूनच ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, आणि पहिले तीन टप्पे पूर्ण होईपर्यंत आरपीएम कमी करण्याच्या सामानावर एक रुपयाही खर्च करू नये.

हे वर्णन मागच्या चाकांना जोर असलेल्या आणि हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांसाठी आहे. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढचा आणि मागचा धुरा एकाच रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो आकडा) असावा लागतो, त्यामुळे तिथे डिफरन्शियलचे (धुऱ्याच्या मधल्या, क्राउन-पिनियन असलेल्या भागाचे) काम आणि खर्च दुप्पट होतो.

टप्पा १: इंजिन खरोखरच जास्त फिरते आहे का, ते पाहा

जुन्या पिकअपच्या डॅशबोर्डवर बहुधा आरपीएमचा काटा नसतो आणि मालक आवाजावरून अंदाज बांधतो. फाटलेला सायलेन्सर, सैल झालेले इंजिन माउंटिंग, गिअर लिव्हरच्या बुडाशी फाटलेले रबर यांतील प्रत्येक गोष्ट केबिनमधला आवाज वाढवते आणि तिचा रेशोशी काहीही संबंध नसतो. आधी ही कामे उरकून घ्यावीत.

त्यानंतर क्लच तपासावा. वरच्या गिअरमध्ये ताशी ५० वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि गाडीचा वेग न वाढता इंजिनचा आवाजच चढला, तर क्लच प्लेट घसरते आहे. घसरत्या क्लचच्या गाडीत रेशो बदलला तर तो क्लच आठवडाभरही टिकणार नाही, कारण नव्या रेशोवर त्याच्यावर अधिक भार येतो. मागची चाके उचलून हाताने फिरवावीत. एखादे चाक ब्रेकला घासत असेल तर तेही याच वेळी दुरुस्त करावे.

शेवटी मोबाइलवरील जीपीएसने वेग मोजून तो स्पीडोमीटरशी ताडून पाहावा. काटा ८० दाखवतो आणि जीपीएस ७२, असे जुन्या गाड्यांत सर्रास आढळते. पुढील सर्व हिशेब जीपीएसच्या वेगावर करायचा आहे.

टप्पा २: धुऱ्याचा सध्याचा रेशो मोजा

डिफरन्शियलवर पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर दातांचे आकडे असतात, पण वीस वर्षांच्या गाडीत ती पट्टी बहुधा गळून गेलेली असते, किंवा आतली जोडी मागच्या एखाद्या मालकाने बदललेली असते. म्हणून मोजावेच.

सपाट जागी गाडी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. गिअर न्यूट्रल करावा, हँडब्रेक सोडावा. मागचे एकच चाक जॅकने उचलून धुऱ्याखाली स्टँड लावावा आणि दुसरे चाक जमिनीवर टेकलेले राहू द्यावे. उचललेल्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (गिअरपेटीपासून धुऱ्यापर्यंत जाणाऱ्या लांब दांड्यावर) खडूने खूण करावी. एका माणसाने चाक बरोबर २० वेळा फिरवावे आणि दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. एक चाक जमिनीवर अडकलेले असताना डिफरन्शियलमुळे उचललेले चाक दोनदा फिरते तेव्हा क्राउन एकदाच फिरते. म्हणजे चाकाचे २० फेरे हे क्राउनचे १० फेरे असतात. शाफ्टचे ५१ पूर्ण आणि साधारण पाव फेरा झाला, तर रेशो ५१.२५ भागिले १०, म्हणजे ५.१२५ होतो, आणि तो ४१ व ८ दातांच्या जोडीशी जुळतो. मी स्वतः पहिल्या वेळी २० ने भागून २.५६ असा आकडा काढला होता आणि अर्धा दिवस असे समजत होतो की गाडी आधीच मोटारीपेक्षाही निवांत आहे. आकडा ३ पेक्षा कमी आला तर आधी स्वतःचा भागाकार तपासावा.

सावधान: गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली डोके घालू नये. शाफ्टचे फेरे बाहेरून, बाजूला बसून मोजता येतात. काही जुन्या जीप-जातीच्या गाड्यांत हँडब्रेक शाफ्टवरच असतो. तो किंचित जरी लागलेला असेल तरी शाफ्ट फिरणार नाही, आणि तो सोडलेला असताना गाडीला धरून ठेवणारे फक्त ठोकळेच असतात.

टप्पा ३: टायर मोजा आणि हिशेब मांडा

टायरवर छापलेल्या आकड्यांवरून परीघ काढता येतो, पण भाराखाली टायर दबतो आणि एका फेऱ्यात गाडी त्याहून थोडे कमी अंतर कापते. गाडीत नेहमीचा माल असताना, हवा योग्य दाबाची भरून, मागच्या टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूची रेघ मारावी, गाडी सरळ ढकलत चाकाचे पाच फेरे होऊ द्यावेत आणि अंतर टेपने मोजावे. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचे हे अंतर साधारण १० मीटर ७० सेंटीमीटर भरते. म्हणजे एका फेऱ्याला २.१४ मीटर.

आता हिशेब. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. त्याला २.१४ ने भागले की चाकाचे मिनिटाला ६२३ फेरे मिळतात. त्यांना धुऱ्याच्या आणि वरच्या गिअरच्या रेशोने गुणायचे. चार गिअरच्या पेटीत चौथा गिअर सहसा थेट, म्हणजे १ रेशोचा असतो, म्हणून ६२३ गुणिले ५.१२५ बरोबर ३१९३ आरपीएम. क्लच घसरत नसेल तर हा आकडा आरपीएमच्या मीटरइतकाच विश्वसनीय असतो, कारण मध्ये सर्व दातांचाच व्यवहार आहे.

याच गाडीत वेगवेगळे बदल केले तर काय होईल, तेही कागदावरच पाहून घ्यावे. २३५/७५ आर १५ टायर घातले तर आकडा ३०६० च्या आसपास येतो. ४१ व ९ दातांची जोडी, म्हणजे ४.५५६ रेशो, बसवली तर २८३८. धुरा तसाच ठेवून ०.८ रेशोचा पाचवा गिअर असलेली पेटी बसवली तर २५५४. पेटी आणि जोडी दोन्ही बदलले तर २२७०, आणि इतके खाली नेण्याचा मोह बहुतेकांनी टाळावा.

तपासणी: गाडीच्या पुस्तिकेत कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) कोणत्या आरपीएमला मिळतो ते दिलेले असते. हायवेच्या नेहमीच्या वेगात इंजिन त्या आकड्याच्या खाली जाता कामा नये. खाली गेले तर वाऱ्याच्या जराशा विरोधालाही गिअर उतरवावा लागेल आणि केलेला खर्च तिसऱ्या गिअरमध्ये जाईल.

डिझेलच्या बचतीचीही अपेक्षा माफक ठेवावी. ताशी ८० ला हवा कापण्यासाठी लागणारी ताकद तेवढीच राहते. कमी होते ते इंजिनच्या आतील घर्षण. आवाज, कंप आणि इंजिनची झीज कमी होणे हा खरा लाभ आहे.

टप्पा ४: तीन मार्गांपैकी एक निवडा

टायरचा मार्ग सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत कमी देतो. मोठा टायर वळवताना मडगार्डला घासतो का, पूर्ण भार असताना वर आदळतो का, हे पाहावे लागते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरचे माप लिहिलेले असते. केवळ १३० आरपीएमसाठी फिटनेसच्या दिवशी आरटीओत वाद घालणे मला तरी परवडणारे वाटत नाही. इतर दोन मार्गांबाबतही विमा कंपनीला लेखी कळवावे आणि आरटीओत विचारूनच काम सुरू करावे.

पाच गिअरची पेटी हा ओझे वाहणाऱ्या गाडीसाठी माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण पहिला गिअर जवळपास तसाच राहतो आणि वर एक विसाव्याचा गिअर वाढतो. कसारा घाटात भरलेली गाडी पूर्वीसारखीच चढते. मात्र प्रत्येक पाच गिअरच्या पेटीतला पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा कमी रेशोचा, नसतो. काहींत पाचवाच थेट असतो आणि खाली एक जास्तीचा दमदार गिअर असतो. अशी पेटी बसवून हायवेवर काहीही मिळत नाही. दुकानातच पेटी पाचव्यात टाकून पुढचा शाफ्ट दहा वेळा फिरवावा. मागचा शाफ्ट साडेबारा वेळा फिरला तर रेशो ०.८ आहे, दहाच वेळा फिरला तर पेटी तिथेच ठेवावी. त्याचबरोबर बेल हाउसिंगची भोके, क्लच प्लेटच्या खाचा, पायलट बेअरिंगचे माप, मागचे माउंटिंग आणि पेटीची लांबी आपल्या गाडीशी जुळते का, ते पाहावे. लांबी बदलली तर प्रोपेलर शाफ्ट कापून जोडावा लागतो आणि तो बॅलन्स करून घेतल्याशिवाय बसवू नये.

क्राउन-पिनियन बदलल्यास सर्व गिअर एकसारखे लांबतात. ५.१२५ वरून ४.५५६ वर आले की चाकाला मिळणारा जोर प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. रिकामी किंवा अर्धी भरलेली फिरणारी गाडी हे सहज सोसते. वाशीच्या बाजारातून पहाटे काठोकाठ भरून निघणारी आणि दिवसभर पुलांच्या चढांवरील कोंडीत थांबत-निघत जाणारी गाडी क्लच जाळते. तरीही अनेकांची निवड याच मार्गावर येते, कारण पेटी जुळत नाही आणि जोडी जुळते. पुढचे टप्पे तिच्याविषयी आहेत.

टप्पा ५: जोडी आणि इतर सामान

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो. क्रमांक वेगळे असतील, किंवा एकावरचा घासून काढलेला असेल, तर दुकानदाराने काहीही सांगितले तरी ती जोडी घेऊ नये. जुन्या जोडीत दातांच्या कडा बोटाने चाचपाव्यात. निळसर डाग म्हणजे ती तेलावाचून तापलेली आहे.

पिनियनच्या शाफ्टची जाडी आणि खाचांची संख्या आपल्या जुन्या पिनियनशी मोजून जुळवावी. काही धुऱ्यांत रेशो ठरावीक मर्यादेपलीकडे बदलला की क्राउन ज्या केसवर बसते ती केसही बदलावी लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

बेअरिंगे, पिनियनचे ऑइल सील, पिनियनचा नट, दबणारी कॉलर (नट आवळताना चेपली जाणारी नळी) असल्यास ती, आणि पुस्तिका सांगत असेल तर क्राउनचे बोल्ट हे सर्व नवे घ्यावे. शिमांचा (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचा) एक संच जवळ असावा. तेल हायपॉइड गिअरसाठीचे जीएल-५ दर्जाचे, पुस्तिकेत सांगितलेल्या घट्टपणाचे, बहुधा ८० डब्ल्यू ९०, घ्यावे. तेच तेल गिअरपेटीत ओतू नये, कारण अनेक जुन्या पेट्यांतील पितळी सिंक्रो रिंगांसाठी जीएल-४ लागते.

ज्या गॅरेजमध्ये डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे मीटर) आणि टॉर्कचा पाना (ठरावीक जोराने आवळणारा) नाही, तिथे हे काम देऊ नये. "हाताला कळतं साहेब" हे उत्तर नटबोल्टांपुरते ठीक आहे. इथे प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे.

टप्पा ६: उघडणे

पावसाळ्यात हे काम उघड्यावर करू नये. धुरा बाहेरून डिझेलने धुऊन पुसावा, स्टँडवर घ्यावा, तेल काढावे आणि ते गाळून पाहावे. चुंबकाला लागलेली करडी पेस्ट ही नेहमीची झीज असते. तुकडे किंवा चकत्या निघाल्या तर बेअरिंगच्या जागाही तपासाव्या लागतील.

काहीही सोडण्यापूर्वी जुन्या जोडीचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजने मोजून लिहून ठेवावा. शाफ्टच्या फ्लँजवर आणि पिनियनच्या फ्लँजवर एका रेषेत खूण करावी. नंतर दोन्ही बेअरिंग कॅपवर पंचने खुणा कराव्यात: डावीवर एक ठिपका, उजवीवर दोन, आणि समोरच्या धुऱ्याच्या अंगावरही तेवढेच. या कॅप हाउसिंगला बसवूनच छिद्र कापलेले असते, म्हणून त्यांची अदलाबदल चालत नाही. माझ्या गाडीत एका गॅरेजवाल्याने दोन्ही कॅप एकाच डब्यात टाकल्या आणि हाताला येईल तशा बसवल्या. तीनशे किलोमीटरच्या आत धुरा कण्हू लागला आणि नवी बेअरिंगे भंगारात गेली.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या शिमा वेगवेगळ्या पिशव्यांत, नाव लिहून ठेवाव्यात. पिनियनच्या बेअरिंगखालची शिम सर्वांत महत्त्वाची आहे. ती मायक्रोमीटरने मोजून आकडा लिहावा, कारण नवी जोडी बसवण्याची सुरुवात तिथूनच होते.

टप्पा ७: बसवणे

क्रम ठरलेला आहे: पिनियनची खोली, पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगांवर बसवतानाच दिलेला दाब), बॅकलॅश, बाजूच्या बेअरिंगांचा प्रीलोड आणि शेवटी दातांवरचा ठसा (दात एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण). मधली एखादी गोष्ट बदलली की तिच्यानंतरच्या सर्व गोष्टी पुन्हा मोजाव्यात.

क्राउन केसवर चढवताना दोन्ही पृष्ठभाग तेलदगडाने पुसून घ्यावेत. ती घट्ट असेल तर उकळत्या पाण्याइतपत गरम करावी, गॅसची ज्योत लावू नये. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्कच्या पान्याने आवळावेत.

अनेक पिनियनच्या डोक्यावर अधिक किंवा उणे असा छोटा आकडा कोरलेला असतो. जुन्या आणि नव्या पिनियनच्या आकड्यांतील फरक शिमेत वजा-अधिक करायचा असतो, पण तो आकडा इंचाच्या हजाराव्या भागात आहे की मिलिमीटरच्या शंभराव्या, हे बनावटीनुसार बदलते, म्हणून पुस्तिका पाहिल्याशिवाय हिशेब करू नये.

दबणाऱ्या कॉलरचा धुरा असेल तर पिनियनचा नट अगदी थोडा थोडा आवळावा आणि प्रत्येक वेळी पिनियन फिरवून त्याचा विरोध मोजावा. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढली तरी हे माप मिळते. पुस्तिकेतील मर्यादा ओलांडली गेली तर नट मागे फिरवून भागत नाही. कॉलर कायमची दबलेली असते आणि नवी घालून पुन्हा सुरुवात करावी लागते. या कारणासाठी कॉलर दोन विकत घ्याव्यात.

बॅकलॅश बहुतेक हलक्या गाड्यांत ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो क्राउनच्या एकाच दातावर न मोजता चार ठिकाणी मोजावा. ठिकठिकाणी मोठा फरक आला तर क्राउन वाकडी बसली आहे. बहुधा तिच्याखाली कचरा राहिलेला असतो.

आता ठसा. क्राउनच्या आठ-दहा दातांवर निळा किंवा पिवळा खुणेचा रंग पातळ लावावा, क्राउनला लाकडाच्या दांड्याने अडवून थोडा विरोध द्यावा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवावा. विरोध दिला नाही तर ठसा खोटा उमटतो. दाताच्या फुगीर बाजूवरचा, म्हणजे गाडी पुढे ओढणारा, ठसा आधी वाचावा. तो शेंड्याकडे सरकलेला असेल तर पिनियन क्राउनच्या जवळ न्यावा, बुडाशी गेला असेल तर लांब न्यावा. म्हणजे इथे पिनियनची शिम बदलते. ठसा दाताच्या आतल्या, अरुंद टोकाला असेल तर क्राउन पिनियनपासून दूर सरकवावी, बाहेरच्या रुंद टोकाला असेल तर जवळ आणावी. म्हणजे इथे बाजूच्या शिमा बदलतात. ठसा दाताच्या उंचीच्या मधोमध आला की थांबावे. लांबीच्या दिशेने तो आतल्या टोकाकडे किंचित झुकलेला असला तरी चालतो, कारण भाराखाली तो बाहेर सरकतो.

सावधान: तीन-चार वेळा सर्व उघडून पुन्हा बसवावे लागणे हे नेहमीचे आहे. "पहिल्याच झटक्यात बसलं" असे सांगणाऱ्याने बहुधा रंग लावलेलाच नसतो. मजुरी ठरवतानाच ठशाचा फोटो दाखवण्याची अट घालावी.

टप्पा ८: स्पीडोमीटर आणि वेगनियंत्रक

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. जुन्या पिकअपची केबल गिअरपेटीच्या मागच्या शाफ्टवरून निघते. नव्या जोडीने तोच वेग गाठताना शाफ्ट कमी फिरतो, म्हणून काटा खरा वेग न दाखवता कमी दाखवतो. आपल्या उदाहरणात खरा वेग ८० असताना काटा ७१ वर असेल. ताशी ८० ला लावलेला वेगनियंत्रक तिथूनच संकेत घेत असेल तर तोही खऱ्या ९० पर्यंत गाडी सोडून देईल. केबलच्या टोकाचा छोटा प्लास्टिक गिअर वेगळ्या दातांचा मिळतो का ते पाहावे, आणि वेगनियंत्रक असल्यास तो अधिकृत केंद्रातून पुन्हा लावून घेऊन प्रमाणपत्र घ्यावे. फक्त पेटी बदललेली असेल तरी नव्या पेटीतील स्पीडोमीटरचा गिअर जुन्यासारखाच आहे असे गृहीत धरू नये. जीपीएसशी ताडून पाहावे.

टप्पा ९: पहिले हजार किलोमीटर

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मुलुंडहून माणकोलीपर्यंत, ताशी ६० च्या आत करावी आणि तिथे गाडी अर्धा तास थंड होऊ द्यावी. डिफरन्शियलवर हात टेकवून पाहावा. तो गरम असणारच, पण हात क्षणभरही ठेववत नसेल तर प्रीलोड जास्त झाला आहे आणि गाडी तशीच पुढे नेऊ नये. पहिले ८०० किलोमीटर पूर्ण भार टाळावा.

आवाज ऐकताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर तो बदलतो का, हे लक्षात घ्यावे. फक्त ओढताना किंवा फक्त सोडल्यावर येणारी शिट्टी दातांच्या ठशाकडे बोट दाखवते. दोन्ही वेळा सारखाच राहणारा घरघराट बेअरिंगचा असतो.

चालकाची सवयही बदलावी लागते. पूर्वी ताशी ४५ ला चौथा गिअर टाकणाऱ्याने आता ५० च्या पुढे जाईपर्यंत तिसऱ्यातच राहावे. चौथ्यात इंजिन थरथरत असेल आणि मागून काळा धूर निघत असेल, तर गिअर उतरवायचा असतो, ॲक्सिलरेटर आणखी दाबायचा नसतो. गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती देताना हे त्याला तोंडी सांगावे आणि डॅशबोर्डवर चिठ्ठीही चिकटवावी.

८०० किलोमीटरनंतर धुऱ्यातील तेल बदलावे. त्यात थोडी चकाकी दिसेल. कण बोटाला टोचत असतील तर कव्हर उघडून ठसा पुन्हा पाहावा. त्याच दिवशी शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि नवा रेशो खडूने धुऱ्यावर न लिहिता पत्र्यावर ठोकून कव्हरच्या बोल्टखाली अडकवावा, म्हणजे पुढच्या मालकाला चाक वीस वेळा फिरवावे लागणार नाही.